तारेचे वळण

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत ‘वाक्यात उपयोग करा’ एवढ्यापुरती शिकलेली असते. तिचा अर्थ आपण माणसाच्या ताठ्याशी जोडतो. संपत्ती गेली, अधिकार गेला, तरी मिजास गेली नाही, असा. साहित्याच्या वर्गात मीही कित्येक वर्षे तो असाच सांगत आलो. जळलेला सुंभ मात्र मी कधी पाहिलेला नव्हता. आणि पीळ म्हणजे नेमके काय हेही मला धड ठाऊक नव्हते. ते ध्यानात आले मुरुडला, समुद्राला लागून असलेल्या एका मैदानात, रात्री साडेदहाच्या सुमारास. आणून दिले ते एका ऑर्केस्ट्राची ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, तेही माझ्याशी एक अक्षर न बोलता.

कार्यक्रम दहाला थांबला होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदी उचलून धरली. वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले तर तेव्हापासून आपल्याकडच्या उघड्यावरच्या मैफलींना भैरवीचा निवांतपणा उरलेला नाही. दहाला आवाज बंद, सव्वादहाला प्रेक्षक पसार. मी रेंगाळलो तो केवळ सोबतची मंडळी गाडी आणायला गेली होती म्हणून. रंगमंचावर दोन-तीन मुले माइकच्या तारा गोळा करीत होती. त्यांतला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये तार भराभर गुंडाळत होता. घरोघरी कपडे वाळत घालायची दोरी अशीच गुंडाळतात. मीही तशीच गुंडाळतो. इतक्यात ते गृहस्थ आले. “कोपरावर नको रे गुंडालू, पोरा. मरंल ती वायर.” मुलगा म्हणाला, “काका, लवकर होतं.” काकांनी त्याच्या हातातले सगळे भेंडोळे सोडले, तार वाळूवर लांब पसरली आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली. एक वेढा सरळ. दुसरा वेढा घेताना मनगट आतल्या बाजूला वळवून, तार खालून नेलेली. पुन्हा सरळ. पुन्हा खालून. वीसेक मीटरची तार एका मिनिटात त्यांच्या डाव्या हातात, कोळणीच्या डोक्यावरच्या चुंबळीसारखी, गोल आणि सैल बसली. मग टोक धरून त्यांनी ती परत वाळूवर फेकली. ती सरळ रेषेत धावत गेली. कुठे अढी नाही, कुठे गाठ नाही. मुलगा बघत राहिला. मीही.

त्यात घडले काय, हे नंतर समजून घेतले. कोणतीही लवचीक वस्तू एकाच दिशेने गोल गुंडाळली की प्रत्येक वेढ्यामागे तिच्या अंगात एक पूर्ण पीळ भरतो. कोपरावरचा एक वेढा हातभरापेक्षा फार मोठा नसतो. म्हणजे वीस मीटरच्या तारेत प्रत्येक कार्यक्रमानंतर वीस-पंचवीस पीळ, सगळे एकाच दिशेचे. वेढ्यांची ही रास टोक धरून ओढली की ते पीळ तारेतच राहतात आणि कुठेतरी अढी बनून वर येतात. ती अढी ताणून काढली की आतले तांबे दुखावते. काकांच्या पद्धतीत सरळ वेढ्याने दिलेला पीळ खालून नेलेला वेढा काढून घेतो. शेवटी बेरीज शून्य. इंग्लंड-अमेरिकेतले ध्वनितंत्रज्ञ आपल्या शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मात्र तिला एक खोड आहे. टोक चुकून वेढ्यांच्या आतून ओवले गेले आणि मग ओढले, तर प्रत्येक उलट्या वेढ्याची एक गाठ होते आणि हातात तारेऐवजी गाठींची माळ येते. म्हणून दोन्ही टोके बाहेर ठेवून बंध घालायचा. त्या रात्री काकांनी तो जुन्या बुटाच्या नाडीने घातला.

यातली खरी गंमत तारेच्या आत आहे. माइकची तार कापून पाहिली तर वरच्या रबरी सालीखाली तांब्याच्या बारीक केसांची विणलेली जाळी असते, आणि त्या जाळीच्या पोटात दोन तारा एकमेकींभोवती मुद्दाम पिळलेल्या. तो पीळ अपघाताने आलेला नाही. शेजारून जाणारी विजेची लाइन किंवा जनित्र या तारांमध्ये आपली गुणगुण घुसवू पाहते. दोन तारा सतत जागा बदलत राहिल्याने ती गुणगुण दोघींवर सारखीच पडते आणि पलीकडच्या टोकाला वजा होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या पिळाचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोनची देवघेव सुरू झाली. म्हणजे तारेच्या आतला पीळ तिचा प्राण, आणि बाहेरून चढवलेला पीळ तिचा काळ. कोपरावर वर्षभर गुंडाळलेल्या तारेत हा आतला हिशेब बिघडतो, जाळी विसविशीत होते, आणि गायकाच्या षड्जाखाली एक परका षड्ज घुमू लागतो.

या विजेच्या गुणगुणीची एक मोठी कथा रायगडच्याच किनाऱ्यावर घडली आहे, ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने तिथल्या नाजूक सुया थरथरत राहणार हे उघड होते. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ही निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. काही काळ दोन्हीकडे समांतर नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी नीट जोडता यावी. आणि ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. शहराच्या विजेपासून शांतता मिळावी म्हणून विज्ञान या किनाऱ्यावर आले. आज त्याच किनाऱ्यावर, मुरुडला, जनित्राच्या शेजारून माइकची तार नेताना काका ती जनित्राच्या तारेला काटकोनात ओलांडवतात, समांतर नेत नाहीत. कारण तेच.

आता भाषेकडे वळू. तो आपला प्रांत. (‘वळू’ हा शब्द येथे आपोआप आला, पण तो पुढे उपयोगी पडणार आहे.) माणसामाणसांतल्या बिघाडासाठी मराठीत जे शब्द आहेत ते एकापाठोपाठ मांडून पाहावेत. मनात अढी बसते. प्रश्नाचा तिढा होतो. नात्यात गुंता होतो. माणसाला पीळ असतो. मैत्रीत निरगाठ बसते, ती सुटत नाही. हे सगळे शब्द दोरीचे आहेत. मोल्सवर्थच्या कोशाची पाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) या दृष्टीने चाळावीत. दोर आणि सूत हाताळणाऱ्या समाजाने आपले मानसशास्त्र कुठून उचलले हे तेथे दिसते. आणि या सगळ्यांत मला सर्वांत श्रीमंत वाटणारा शब्द ‘वळण’. दोर तयार करणे म्हणजे दोर वळणे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, आणि मुलाला वळण लावायचे असते. तिन्हीकडे कल्पना एकच: पुन्हा पुन्हा एकाच रीतीने वाकवले की वस्तू ती रीत स्वतःची मानू लागते. तंत्रज्ञ म्हणतात की तारेला स्मृती असते. मराठीत हे सांगायला नवा शब्द लागत नाही. तारेला वळण लागते.

सुंभ म्हणजे काथ्याची किंवा गवताची ओबडधोबड दोरी. कोकणात नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवत, मग ती मोगरीने बडवून काथ्या मोकळा करीत, आणि तळहातांवर किंवा चरख्यावर त्याचा धागा काढीत. हा धागा एका दिशेने पिळलेला. असे दोन धागे शेजारी घेऊन ते एकमेकांभोवती उलट्या दिशेने पिळले की सुंभ होतो. धागा उलगडू पाहतो तर दोरी आवळते, दोरी उलगडू पाहते तर धागा आवळतो. परस्परविरोधी दोन ओढी एकमेकींना धरून ठेवतात. दोरीचे सगळे बळ या भांडणात आहे. असा सुंभ पेटवला की तो जळून जातो, पण कुणी हात लावीपर्यंत राखेत पिळाची नक्षी जशीच्या तशी दिसत राहते. म्हण रचणाऱ्याने ते पाहिले होते. आपण शिक्षक मंडळींनी त्यातला ताठा तेवढा घेतला, आणि राखेतली नक्षी सोडून दिली.

मुरुडला ही विद्या हातात असलेली माणसे मुबलक. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा, आणि जवळच राजपुरी, जिथून शिडाच्या होड्या प्रवाशांना जंजिऱ्याच्या दरवाज्याशी नेतात. त्या होडीत बसले की प्रथम लक्ष किल्ल्याकडे जाते, हे स्वाभाविक आहे. मी मात्र नंतरच्या खेपेस शीड उतरवणाऱ्याच्या हाताकडे पाहत होतो. दोर त्याच्या पायाशी गोल बसत होता, प्रत्येक वेढा प्रदक्षिणेच्या दिशेने. नेहमीच्या दोराचा स्वतःचा पीळ उजव्या अंगाचा असतो. त्या दिशेने घेतलेला वेढा तो सुखाने मानतो, उलटा घेतला की फणा काढतो. तेव्हा काकांनी कोळ्याची विद्या उचलून तारेला लावली असे म्हणण्याचा जो मोह मला प्रथम झाला, तो मला सोडून द्यावा लागला. दोराला एकाच दिशेचे वेढे लागतात, तारेला आळीपाळीचे. दोराचा हात घेऊन तारेकडे गेलेला माणूस प्रथम चुकतच असणार. वारशात आले ते तंत्र नसून एक सवय असावी: वस्तूला कोणत्या अंगाने वाकायचे आहे, हे गुंडाळण्यापूर्वी तिलाच विचारायचे.

दोर आणि तार यांची गाठ या किनाऱ्याच्या टापूत फार मोठ्या प्रमाणावर पडली ती १८७० मध्ये. ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज, उष्णता कमी लागावी म्हणून पांढरे रंगवलेले, त्या वर्षाच्या आरंभी मुंबईला पोहोचले. त्याच्या पोटात तीन प्रचंड टाक्या होत्या आणि त्यांत मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळावर टाकायची, दीड हजारांहून अधिक सागरी मैल लांबीची तार. तिचे तांबे गटापर्चा या मलायातील झाडाच्या चिकाने मढवलेले असल्यामुळे ती पाण्यात बुडवून ठेवावी लागे. फेब्रुवारीत ती टाकली गेली आणि जूनमध्ये मुंबई-लंडन संदेशमार्ग बहुतांशी समुद्राखालून पूर्ण झाला. या कंपन्यांमागचे जॉन पेंडर यांचे नाव इतिहासात आहे. परंतु ती तार टाकीत भरली कशी? माणसे टाकीत उतरत, आणि बाहेरच्या भिंतीपासून मध्यापर्यंत गोल गोल चालत, एकेक वेढा हाताने बसवत. एक थर झाला की त्यावर दुसरा. प्रत्येक वेढ्याबरोबर तारेत एक पीळ चढे. तार वरून ओढली जाई तेव्हा तोच पीळ उतरे. हा हिशेब कुठे चुकला, एखादी अढी सुटायच्या ऐवजी आवळली, की समुद्राच्या तळाशी एक मुका तुकडा जाणार आणि साम्राज्याचा निरोप तिथे अडणार. शेअर बाजाराचे भाव, कापसाचे भाव, लष्करी हुकूम, हे सारे त्या टाकीत गोल फिरणाऱ्या पायांवर अवलंबून होते.

आवाजाची तार मराठी मुलुखात त्यामानाने उशिरा आली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला गळ्याखेरीज दुसरे साधन नव्हते. पुढच्या दशकात राजकीय सभांबरोबर कर्णे आले. त्या काळची छायाचित्रे पाहावीत: गांधी, नेहरू, आणि त्यांच्यासमोरच्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे. ही मोटवाने कुटुंबाची कंपनी. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. सरकारला एवढे कळत होते की तार ज्याच्या हाती त्याच्या हाती काहीतरी आहे. इतिहासकाराला कळायला वेळ लागतो.

मुरुडच्या परिसरातला आजचा आवाज मात्र सभेचा नाही, बेंजोचा आहे. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य केले, ‘ताइशोगोतो’. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि कोकणात बेंजो. वीज लावल्यावर या वाद्याला असा काही टणत्कार आला की नारळी पौर्णिमा, गणपती, हळदी त्याच्याविना होईनाशा झाल्या. ढोलकीला तार लागत नाही, बेंजोला लागते. वाद्याबरोबर तार आली आणि तारेबरोबर ती गुंडाळणारा मुलगा आला. पथकात त्याला ‘हेल्पर’ म्हणतात.

या किनाऱ्यावर तार सांभाळणे म्हणजे मिठाशी झुंज. खारी हवा जोडांच्या पितळेवर हिरवट कीट चढवते. वाळूचा एक कण खोबणीत गेला की माइक खरखरू लागतो. काकांच्या खोलीत नंतर एकदा जाण्याचा योग आला. तारा पत्र्याच्या पेट्यांत, लांबीप्रमाणे वेगळ्या. ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्या करून ठेवलेल्या. गोणपाट वर्ज्य, कारण ते ओल धरते. खिळ्यावर टांगणेही वर्ज्य, कारण स्वतःच्या वजनाने तार एकाच जागी मोडते. प्रत्येक टोकाला रंगीत चिकटपट्टी: पिवळी पाच मीटर, लाल दहा, निळी वीस. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्या तारा सोडायच्या आणि पुन्हा घ्यायच्या, कार्यक्रम असो वा नसो. हे सारे कुठेही लिहिलेले नाही. मी विचारले तेव्हा त्यांनी नवलाने पाहिले, “त्यात काय लिवायचा?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या नाट्यसंगीताच्या इतिहासांकडेही नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला होते हे आपल्याला माहीत आहे, आणि ते माहीत असायलाच हवे. पडदे कोणी गुंडाळले हे माहीत नाही. भाषाच गुंडाळण्याकडे वाकड्या नजरेने पाहते: गाशा गुंडाळला म्हणजे हार मानली, सभा गुंडाळली म्हणजे फसली. जंजिऱ्याच्या इतिहासात परंपरेने सांगितली जाणारी लाय पाटलांची कथा मला म्हणून फार मोलाची वाटते. शिवकालात या कोळी सरदाराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. ठरलेली कुमक पहाटेपर्यंत आली नाही. तेव्हा त्यांनी शिड्या काढून घेतल्या आणि माणसांसह परतले. कथा सांगणारे शिड्या लावण्यापाशी आवाज चढवतात. शत्रूच्या तटाखाली, उजाडत असताना, शिड्या निमूटपणे काढून होडीत भरणे हे त्याहून अवघड असले पाहिजे.

तार निकामी झाली की तिची किंमत कोणाच्या तरी मजुरीतून कापली जाते. मी ज्या पथकांविषयी ऐकले त्यांत ती बहुधा हेल्परच्या मजुरीतून जाते, म्हणजे ज्याला गुंडाळायला कोणी शिकवलेलेच नसते त्याच्या. रात्रीच्या पाचशे रुपयांतून शंभर गेले तर तो पुढच्या हंगामाला येत नाही. नवा मुलगा येतो, तो पुन्हा कोपरावर गुंडाळतो. बिनतारी माइक आले आहेत, पण कर्ण्यांना, वाद्यांना, मिक्सरला तार लागतेच. म्हणून काका त्या रात्री थांबले होते. टेम्पोचा चालक हॉर्न वाजवत होता, पोलीस शिपाई एकदा येऊन बघून गेला होता.

काकांनी तारेचे टोक मुलाच्या हातात दिले. त्याने पहिला वेढा घेतला, सरळ. दुसरा मनगट वळवून खालून. सातव्या-आठव्या वेढ्यापर्यंत जमले; मग हात जुन्या सवयीवर गेला, दोन वेढे सलग एकाच बाजूने पडले आणि तार हातात उलटी फिरली. त्याने वर पाहिले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी सगळी तार पुन्हा वाळूवर सोडली.